हिरवा रंग कोणी ठरविला?

वनौषधी लागवडीच्या प्रकल्प-अहवालांतून अधिवास-योग्यतेचे रंगीत नकाशे अलीकडे आवर्जून जोडले जातात. हिरवा भाग वनस्पतीस अनुकूल, पांढरा प्रतिकूल, असा सरळ अर्थ लावून कोणी शेतकऱ्यांशी लागवडीचे करार करतो, तर कोणी अमुक तालुक्यात माल मुबलक आहे असे धरून सालीची मागणी नोंदवितो. त्यापूर्वी हिरव्या रंगाची सीमा कोणी व कोणत्या हेतूने आखली, हे विचारले गेलेच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संगणक मुळात हिरवा-पांढरा भेद करीतच नाही. स्टीव्हन फिलिप्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये विशद केलेली मॅक्सएंट ही बहुप्रचलित पद्धत वनस्पतीच्या आढळाच्या नोंदी आणि तेथील पाऊस-तापमान यांची सांगड घालून नकाशाच्या प्रत्येक चौकटीस शून्य ते एक यांमधील गुण देते. वनस्पती कोठे नाही, याच्या नोंदी तिच्याकडे नसतात. म्हणून ०.५ गुण म्हणजे ‘सापडण्याची निम्मी शक्यता’ हा भ्रम होय. गुण तुलनेपुरते, त्यांवर सीमारेषा ओढतो तो मनुष्य. वैद्यांना हे नवीन नाही. अमेरिकन मधुमेह संघटनेने १९९७ मध्ये उपाशीपोटी रक्तशर्करेची निदानसीमा १४० वरून १२६ मिलिग्रॅमवर आणली. कोणाचेही रक्त त्या दिवशी बदलले नाही. रुग्ण मात्र वाढले.

सीताअशोकाचेच पाहा. हा वृक्ष सह्याद्रीच्या सदाहरित वनांत, ओढ्याकाठच्या ओलसर सावलीत स्वभावतः वाढतो. परंतु देवळांच्या आवारांत आणि उद्यानांत तो पाणी घालूनही जगविला जातो. अशा झाडांच्या नोंदी माहितीत मिसळल्या, आणि ‘सर्वांत कमी गुण मिळालेली नोंद हीच सीमा’ हा रूढ नियम लावला, तर कोरड्या पठारावरील एखादे बागेतले झाड सारे पठार हिरवे करून टाकते. सर्वांत कमी गुणांच्या दहा टक्के नोंदी वगळून सीमा धरण्याचाही प्रघात आहे. तेथे हाच हिरवा पट्टा आक्रसतो. (रस्त्याकडेच्या उंच ‘खोट्या अशोका’ची नोंद अशोक म्हणून गेली असल्यास काय होईल, हे सांगावयास नको.)

सीमा हेतूनुसार बदलली पाहिजे. वनात उरलेले वृक्ष शोधावयाचे असतील तर ती खाली असावी; चार फेऱ्या व्यर्थ गेल्या तरी चालतील, एखादी जागा निसटता कामा नये. लागवडीसाठी ती वर हवी, कारण साल हाती येण्यास कित्येक वर्षे लागतात आणि चुकीचा भार शेतकरी सोसतो. संकलनासाठी तर हा नकाशा आधारच नव्हे. हवामान योग्य असलेल्या जागी वृक्ष उभा आहे की सोलून वाळविला गेला, हे त्यास कळत नाही.

शिवाय चौकट बहुधा सुमारे एक किलोमीटरची असते. तीत ओढा आणि उघडा कातळ दोन्ही सामावतात. जांगल, आनूप व साधारण देशांचा भेद सांगणाऱ्या संहितांनी भूमिपरीक्षाही स्वतंत्रपणे सांगितली आहे.

अहवालात रेषा ओढण्यापूर्वीचा गुणांचा मूळ नकाशा, सीमेचा नियम आणि आढळाच्या नोंदींची यादी, या तिन्ही गोष्टी औषधनिर्मात्यांनी मागाव्यात. यादीतील उद्यानांतील झाडे कोणती, हे तपासण्यास स्थानिक वैद्याला एक दुपार पुरेल.