रोग मोजणाऱ्यांना कोण विचारतं?

करोनाच्या दोन वर्षांत ‘आयसीएमआर’ हे नाव शेंबड्या पोरालाही पाठ झालं. आयसीएमआर ही संशोधन संस्था. साथींवर नजर ठेवणं हे जिचं मूळ काम, त्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचं, म्हणजे एनसीडीसीचं नाव किती जणांनी ऐकलं? दिल्लीत शामनाथ मार्गावर तिचं आवार आहे. ती इतकी अदृश्य राहते त्याचा मला संताप येतो. तिचा नाही, तिला तसं ठेवणाऱ्यांचा.

वयाने ती लहान नाही. १९०९ मध्ये कसौलीला मलेरिया ब्यूरो निघाला, तो तिचा जन्म. १९२७ मध्ये त्याचं मलेरिया सर्व्हे ऑफ इंडिया झालं, १९३८ मध्ये बिऱ्हाड दिल्लीला हललं आणि मलेरिया इन्स्टिट्यूट झाली. १९६३ मध्ये राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्था, २००९ मध्ये आजचं नाव. एका संस्थेची इतकी बारशी झाली, पण तिला अधिकार देणारा एक कायदा झाला नाही. आजही ती आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या हाताखालचं एक कार्यालय आहे. ज्या मलेरियासाठी जन्मली तोही तिच्याकडे उरला नाही: त्याचा कार्यक्रम त्याच आवारातल्या दुसऱ्या संचालनालयाकडे आणि संशोधन आयसीएमआरच्या तिसऱ्या संस्थेकडे. डास एक, दप्तरं तीन.

तिने काहीच केलं नाही असं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. नारू या देशातून गेला, २००० मध्ये तसं प्रमाणपत्र मिळालं, त्या मोहिमेची सूत्रं इथेच होती. जिथे काम सोपवलं, पैसा दिला आणि ढवळाढवळ केली नाही, तिथे काम झालं.

नाही तिथे काय होतं, ते १९९४ ने दाखवलं. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी उंदीर मरू लागले, मग माणसांना गाठी आल्या. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि लाखो माणसं मिळेल त्या गाडीने पळाली. परदेशांनी विमानं बंद केली. हा खरंच प्लेग आहे का, यावर तज्ज्ञांचा वाद साथ ओसरल्यावरही चालू होता. १८९६ च्या मुंबईच्या प्लेगनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी आपली ही तयारी! त्या नामुष्कीतून रोग सर्वेक्षणाचा कार्यक्रम निघाला आणि २००४ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जावर एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प आला. आरोग्यसेविका संशयित रुग्ण कळवणार, डॉक्टर संभाव्य कळवणार, प्रयोगशाळा पक्के कळवणार आणि जिल्ह्याचा आकडा दिल्लीला जाणार. कागदावर झकास. पण देशातला बहुसंख्य आजारी माणूस आधी खासगी दवाखान्याची पायरी चढतो, आणि तिथून आकडा निघालाच पाहिजे असं डॉक्टरला ठणकावून सांगण्याची ताकद हा प्रकल्प चालवणाऱ्या या केंद्रात नाही. जिल्ह्यात बसून ते आकडे भरणारा बहुतेकदा कंत्राटी. त्याचं कंत्राट संपलं की जिल्ह्यातली साथही संपली समजायची.

मंत्रालयाचं उत्तर मला तोंडपाठ आहे: आरोग्य हा राज्यांचा विषय. मान्य. पण आपत्ती व्यवस्थापन कायदा काढून २०२० मध्ये देशाला घरात बसवताना कोणाचा विषय होता? राज्यांच्या हाती आहे तो १८९७ चा, पुण्याच्या प्लेग अधिकारी रँडच्या काळातला साथरोग कायदा. तो माणसांना अडवायला, झडत्या घ्यायला भरपूर अधिकार देतो. आकडे गोळा करून ते लोकांपुढे वेळेत ठेवण्याची सक्ती मात्र तो कोणावरच करत नाही. २०१७ मध्ये नव्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचा मसुदा निघाला होता. तो मसुदाच राहिला.

त्याची किंमत २०२१ मध्ये मोजली. दुसऱ्या लाटेत, एप्रिलच्या अखेरीला, शेकडो शास्त्रज्ञांना पंतप्रधानांना पत्र लिहावं लागलं की चाचण्यांची माहिती आम्हाला बघू द्या. जागतिक आरोग्य संघटनेने करोनाच्या दोन वर्षांत भारतात झालेल्या जादा मृत्यूंचा अंदाज ४७ लाखांवर नेला, तर सरकारचा करोना-मृत्यूंचा आकडा पाच लाखांच्याही आत होता. सरकारने संघटनेचं गणित झिडकारलं आणि स्वतःचं गणित मांडलं नाही. २०२१ च्या मृत्यूंची नोंदणी प्रसिद्ध झाली मे २०२५ मध्ये: एक कोटी दोन लाख, आदल्या वर्षी सुमारे ८१ लाख. हे आकडेही गृहखात्याकडून आले. मृत्यू एका खात्याचे, चाचण्या दुसऱ्याच्या, आणि रोग नियंत्रण केंद्राने बहुधा वर्तमानपत्र वाचायचं.

अमेरिकेच्या सीडीसी या रोग नियंत्रण संस्थेचे गोडवे मी गाणार नाही. २०२० च्या फेब्रुवारीत सदोष चाचणी संच पाठवून तिनेही नाक कापून घेतलं. तीही मलेरियातूनच जन्मली, आपल्यापेक्षा ३७ वर्षांनी धाकटी. पण १९६१ पासून तिचा आजार-मृत्यूंचा साप्ताहिक अहवाल निघतो. २०२५ च्या जानेवारीत नव्या सरकारने तो रोखला, तर त्या देशात बोंबाबोंब झाली. आपल्या केंद्राचा साप्ताहिक साथ-अहवाल अनेकदा आठवडेच्या आठवडे उशिरा येतो आणि एकाही आमदाराने, खासदाराने, किंवा आम्हा लिहिणाऱ्यांपैकी कोणी त्यावरून आवाज उठवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.