गप्प वर्गाचे इंग्रजी

जपानमधल्या शाळांत इंग्रजी शिकवायला गेलेले, किंवा इथे घरी बसून जपानी मुलांचे ऑनलाइन तास घेणारे काही शिक्षक आमचे नियमित वाचक आहेत. त्यांच्या पत्रांत एक तक्रार हमखास असते. मुले हुशार आहेत, गृहपाठ चोख करतात, पण तोंड म्हणून उघडत नाहीत. पुढच्याच ओळीत निदानही तयार असते: जपानी माणूस मुळातच लाजाळू. आम्हाला हे निदान मान्य नाही. मधल्या सुट्टीत हीच मुले शाळा डोक्यावर घेतात.

त्यांच्या इंग्रजीच्या तासाला काय चालते ते पाहा. तास सुरू होतो, सारा वर्ग एका सुरात ‘आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू?’ म्हणतो. ज्याला सकाळपासून ताप आहे तोही फाइन असतो. मग एकाला उभे करून विचारले जाते, ‘डू यू लाइक ॲपल्स?’ त्याला सफरचंद आवडते की नाही याच्याशी ना शिक्षकाला कर्तव्य असते, ना बाकीच्या तीस-पस्तीस जणांना. वाक्य बरोबर येते का, एवढेच तपासायचे असते आणि ते मुलालाही पक्के ठाऊक असते. म्हणून ते आधी शेजाऱ्याकडे वळते, कुजबुजून खात्री करून घेते आणि मगच बोलते. नवख्या शिक्षकाला ही कॉपी वाटते. शिवाय त्याला शांतता सोसवत नाही, दोन-तीन सेकंदांत तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. चारचौघांत चुकीचे बोलण्यापेक्षा विचारून बोललेले बरे, हा तिथल्या वर्गाचा रिवाज आहे. शेजाऱ्याशी बोलू द्या, आणि थांबा.

अभ्यासक्रमाच्या नावाने बोटे मोडण्यातही फारसा अर्थ नाही. 2011 पासून पाचवी-सहावीला आठवड्याला एक तास इंग्रजीच्या उपक्रमांचा आला. 2020 पासून हे उपक्रम तिसरी-चौथीला गेले आणि पाचवी-सहावीला इंग्रजी हा वर्षाला 70 तासांचा रीतसर विषय झाला. प्राथमिक शाळेतून बाहेर पडताना 600 ते 700 शब्द ओळखीचे व्हावेत अशी अपेक्षा आहे. नव्या आराखड्याने ‘बोलणे’ या कौशल्याचे दोन भाग केले: समोरच्याशी देवाणघेवाण आणि एकट्याने केलेले निवेदन. इथे कागदावरचे शहाणपण वर्गात पोचता पोचता गळते. निवेदन पाठ करता येते, त्याला गुण देणे सोपे असते, पालकांसमोर ते छान दिसते. साहजिकच तास तिकडे जातात आणि देवाणघेवाण पाठ केलेल्या संवादांवर भागवली जाते.

वास्तविक, शिक्षण मंत्रालयाने शिक्षकांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत ‘स्मॉल टॉक’ नावाचा एक छोटा उपक्रम आहे आणि आमच्या मते त्या पुस्तिकेतला तोच सर्वांत मोलाचा ऐवज आहे. पाचवीत शिक्षक मुलांशी बोलतो, सहावीत मुले जोड्यांनी आपापसांत बोलतात. त्यासाठी सहा गोष्टी हाताशी द्यायच्या: बोलणे सुरू करणे, समोरच्याचा शब्द उचलून परत म्हणणे, एका शब्दात दाद देणे, नीट कळले नाही तर पुन्हा विचारणे, पुढचा प्रश्न करणे आणि बोलणे आवरते घेणे. यांत व्याकरण जवळजवळ नाहीच. दाद आणि हुंकार तर जपानी मुलांच्या अंगवळणीच पडलेले असतात. आपल्या भाषेत ती क्षणोक्षणी माना डोलावत ‘हो ना’, ‘असं का’ करत असतात. इंग्रजीत ते करायला कोणी सांगितलेले नसते, इतकेच.

समजा, सहावीचा वर्ग आहे आणि विषय उन्हाळ्याची सुट्टी. पहिल्या फेरीत एक मुलगा म्हणतो, ‘आय वेंट टु द अम्यूझमेंट पार्क. इट वॉज फन.’ जोडीदार म्हणते, ‘ओ, नाइस.’ संपले. दोघे एकमेकांकडे बघत बसतात. जाणता शिक्षक इथे फेरी थांबवतो आणि विचारतो, बोलायचे होते पण जमले नाही असे काय राहिले? हे मुलांनी जपानीतच सांगायचे. मुलगा सांगतो, पाळण्यासाठी दोन तास रांगेत उभे राहावे लागले. ‘रांगेत उभे राहणे’ वर्गात कोणालाच येत नाही. शिक्षकाने इथे फळ्याकडे धाव घेऊन नवा वाक्प्रयोग लिहिला की खेळ संपला. तो वर्गालाच विचारतो, आपल्याजवळच्या शब्दांत कसे सांगाल? कोणी म्हणते, ‘मेनी पीपल’. कोणी, ‘टू आवर्स’. मागच्या बाकावरून येते, ‘आय वॉज टायर्ड’. झाले की! जोड्या बदलतात, दुसरी फेरी होते आणि या वेळी नवी जोडीदार उद्गारते, ‘टू आवर्स?’ हा दोन शब्दांचा प्रश्न सबंध तासाची कमाई आहे, कारण तो तिला खरोखर पडलेला असतो. ऑनलाइन तास बहुधा पंचवीस मिनिटांचा असतो. तेवढ्यातही अशा दोन फेऱ्या आरामात बसतात. फक्त आपली बडबड आवरायला हवी.

उच्चारांविषयी थोडे, कारण आपले शिक्षक तिथे नको तितके अडकतात. मराठी माध्यमातली मुले इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहितात, तसेच जपानी मुले कटाकाना या आपल्या लिपीत लिहितात. पण देवनागरीत जोडाक्षरे आहेत, हलन्त आहे; ‘स्ट्राइक’ लिहिला की बराचसा पोचतो. कटाकानात एका अनुनासिकाचा अपवाद सोडला तर एकटे व्यंजन लिहिताच येत नाही, प्रत्येकाला स्वराची शेपटी लागते. ‘स्ट्राइक’चा ‘सुतोराइकु’ होतो, ‘मॅकडॉनल्ड’चा ‘माकुदोनारुदो’. त्यात तिसरीत मातृभाषेच्या तासाला रोमाजी, म्हणजे रोमन लिपीतले जपानी, शिकवतात. त्या हिशेबाने ‘टेक’ ‘ताके’ वाचला जातो आणि ‘नेम’ ‘नामे’. हा मुलाचा आळस नव्हे, त्याने लिपीचा नियम इमानाने पाळलेला असतो. म्हणून शब्द आधी कानाने आणि टाळीने द्यावा, ‘स्ट्राइक’ला एकच टाळी, आणि अक्षरे मागाहून. बोलणे रंगात आले असताना मात्र ‘र’ आणि ‘ल’ची दुरुस्ती करणाऱ्या शिक्षकाला आम्ही हात जोडू.

वर्गात उभे कोणी राहायचे, हाही प्रश्न आहे. 1987 मध्ये सुरू झालेल्या जेट योजनेने परदेशी साहाय्यक शिक्षक गावोगाव नेले. पण पुष्कळ ठिकाणी त्यांचे काम वाक्ये वाचून दाखवण्यापुरतेच राहिले आणि ‘चालता-बोलता टेपरेकॉर्डर’ हे विशेषण त्यांना चिकटले. प्राथमिक शाळेत खरा आधार वर्गशिक्षकाचा. गणितापासून बहुतेक सगळे विषय तोच शिकवतो, इंग्रजी शिकवण्याचे प्रशिक्षण अनेकांना मिळालेलेच नाही आणि परदेशी सहकाऱ्यासमोर तो अवघडतो. आमचे म्हणणे, त्याने वर्गासमोर त्या सहकाऱ्याशी मोडक्या इंग्रजीत खुशाल बोलावे, अडावे, ‘वन्स मोअर, प्लीज’ म्हणावे. मुलांना पाहायला मिळायला हवे ते हेच.

इंग्रज भाषाशिक्षणतज्ज्ञ हॅरॉल्ड पामर 1922 मध्ये टोकियोला आला, मंत्रालयाचा सल्लागार झाला, पुढच्या वर्षी इंग्रजी अध्यापनाची संशोधन संस्था उभी केली आणि 1936 पर्यंत आधी कान, मग तोंड, मग पुस्तक हेच सांगत राहिला. शंभर वर्षांत सल्ला फारसा बदललेला नाही, आणि प्रवेश परीक्षेचा वरचष्माही कमी झालेला नाही. टोकियोने 2022 पासून सरकारी शाळांतल्या नववीच्या मुलांची बोलण्याची चाचणी सुरू केली, प्रवेशाच्या एकूण 1020 पैकी 20 गुण तिला दिले. पाऊल चांगले, पण मूल हेडसेट लावून टॅबलेटशी बोलते. टॅबलेट ‘टू आवर्स?’ म्हणत नाही. तोवर शाळेच्या अंतर्गत तोंडी परीक्षेत एवढे करता येईल: परीक्षकाने प्रत्येकाला यादीबाहेरचा एक तरी प्रश्न विचारावा आणि मुलाने उलट विचारलेल्या प्रश्नाला, ‘कळले नाही, पुन्हा सांगा’ या विनंतीलासुद्धा, गुण द्यावेत. किती द्यावेत यावर आमच्या संपादक मंडळात एकमत नाही. ज्यांनी हे करून पाहिले असेल त्यांनी आपली गुणपत्रिका पाठवावी; पुढच्या अंकात छापू.