फाटला नाही, फाडलाय

मराठीत रॉक संगीतावर जे लिहिलं जातं ते वाचताना मला नेहमी एकाच जागी ठेच लागते. निमित्त काहीही असो, हेंड्रिक्सची पुण्यतिथी असो की पिंक फ्लॉइडच्या एखाद्या अल्बमची पन्नाशी, मध्यावर कुठेतरी लेखक उसासा टाकतो: आपल्याकडे हे झालंच नाही. पायाखालच्या एका लोखंडी डबीने गिटारचा आवाज फाडणं, वाकवणं, लांबवणं हे सगळं तिकडचं, आपण नुसते ऐकणारे. मग त्या डब्या ज्यांनी केल्या त्या आद्य मंडळींची यादी येते. यादीत पेटंटवाले असतात, कंपन्या काढणारे असतात.

मला या यादीशी भांडायचं आहे, आणि बारामती ते इंदापूर या पन्नासेक किलोमीटरच्या पट्ट्यात उभं राहून भांडायचं आहे. इथे ऊस आहे, कारखान्यांची धुराडी आहेत, आषाढात तुकोबांची पालखी सणसर-निमगाव केतकीवरून जाते. रॉक नाही, हे मान्य.

आधी तिकडचीच गोष्ट, कारण तीही आपण चुकीची सांगतो. १९५१ साली मेम्फिसमध्ये ‘रॉकेट ८८’ नावाचं गाणं रेकॉर्ड झालं. गिटारवादक विली किझार्टचा अ‍ॅम्प्लिफायर प्रवासात खराब झाला होता, आवाज घरघरत होता. स्टुडिओवाल्या सॅम फिलिप्सने फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबला आणि तसंच रेकॉर्डिंग केलं. १९५८ मध्ये लिंक रे याने पेन्सिलीने स्पीकरला भोकं पाडली आणि ‘रम्बल’ वाजवलं. त्यात एकही शब्द नसताना काही रेडिओ केंद्रांनी त्यावर बंदी घातली. १९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्यात ग्रेडी मार्टिनचा बेस मध्येच भसाभस फाटतो, कारण नॅशव्हिलच्या त्या स्टुडिओत मिक्सरचा एक ट्रान्सफॉर्मर बिघडला होता. इंजिनिअर ग्लेन स्नॉडीने तो बिघाड टाकून दिला नाही. तसाच आवाज मुद्दाम काढणारं सर्किट त्याने एका सहकाऱ्यासोबत बांधलं आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ म्हणून बाजारात आणलं.

म्हणजे सुरुवात शोधापासून झालेली नाही, नादुरुस्तीपासून झाली आहे. कुणीतरी बिघडलेला आवाज ऐकला आणि ‘राहू दे’ म्हणाला. माझ्या लेखी आद्य माणूस तो. आणि त्या पहिल्या माणसाचं, विली किझार्टचं, नाव आपल्या यादीत नसतं. तो कृष्णवर्णीय होता, त्याच्याकडे पेटंट नव्हतं, होता फक्त एक फाटका स्पीकर.

फझ-टोन विकला गेला नाही, हेही आपण सांगत नाही. तीन वर्षं तो दुकानांत पडून होता. गिब्सनची जाहिरात अशी की या डबीने गिटारमधून ट्रम्पेट, ट्यूबा, चेलो यांचे आवाज निघतील. १९६५ मध्ये कीथ रिचर्ड्सने ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ती वापरली तीसुद्धा तात्पुरती: पुढे त्या जागी खरे ब्रास वाजवणारे घ्यावेत असं त्याच्या मनात होतं. ते राहून गेलं, गाणं तसंच बाहेर आलं आणि पडून असलेल्या डब्या संपल्या.

हा ट्रम्पेटचा तपशील लक्षात ठेवा. मला तो इंदापुरात दुसऱ्यांदा भेटला, खरं तर पहिल्यांदा, कारण रिचर्ड्सबद्दल मी फार नंतर वाचलं.

नव्वदच्या दशकात मी बारामतीत कॉलेजला होतो. इंदापूरच्या एस.टी. स्टँडमागे एक रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे मिस्त्री होते, त्यांच्याकडे मी टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. बाकड्यावर एक बेंजो उलगडून ठेवला होता. आपल्याकडच्या वरातीत बेंजो म्हणतात तो अमेरिकन बँजो नव्हे. गोरो मोरिता या जपान्याने १९१२ मध्ये नागोयात केलेल्या, टाइपरायटरसारख्या कळांच्या ‘ताइशोगोतो’चा तो वंशज. आपल्याकडे आला, बुलबुल तरंग झाला, मग त्याला पिकअप बसला, वायर लागली आणि तो ट्रॉलीवर चढला. मिस्त्रींनी तार छेडली. कर्ण्यातून जो आवाज आला तो मला ओळखीचा होता, पण लेड झेपेलिनच्या कॅसेटमधून. मी शहाणपणा केला: “मामा, ह्याचा आवाज फाटतोय.”

“फाटला न्हाई पाव्हणं, फाडलाय,” ते म्हणाले. “पार्टीनं सांगितलंय तसा.”

पार्टीची अडचण साधी होती. पूर्वी त्यांच्यात क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट वाजवणारे होते, आता ती माणसं परवडेनात, पण वरातीला बँडचा भरणा तर हवा. तेव्हा बेंजोतूनच ट्रम्पेट काढून द्या. गिब्सनच्या जाहिरातीतलं वाक्य, निमगाव केतकीच्या बोलीत. मिस्त्रींनी ती जाहिरात पाहिलेली असण्याची शक्यता नाही.

त्यांनी केलं होतं ते असं. जुन्या रेडिओतले दोन ट्रान्झिस्टर काढून बेंजो आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये बसवले आणि त्यांना झेपणार नाही इतका सिग्नल दिला. सिग्नल ही लाट असते. ट्रान्झिस्टरची उंचीची मर्यादा संपली की लाटेचा माथा सपाट छाटला जातो, ऊसतोडवाला कोयत्याने वाढं छाटतो तसा. छाटलेल्या माथ्यामुळे मूळ सुरात नव्हते ते वरचे स्वर उमटतात, सूर जाड होतो, टोचतो आणि लवकर विझत नाही. फझ म्हणजे एवढंच. त्या ट्रान्झिस्टरांचा नंबर होता एसी १२८, जर्मेनियमचा, आपल्याकडच्या जुन्या रेडिओंत सर्रास सापडणारा. लंडनच्या ‘फझ फेस’ या डबीच्या, म्हणजे हेंड्रिक्सवाल्या डबीच्या, काही आवृत्त्यांत हाच नंबर असतो आणि त्यासाठी आज जगभरचे हौशी लोक जुन्या मालाच्या पेट्या उपसतात. जर्मेनियमची एक खोड आहे: उष्णतेत त्याचं वागणं बदलतं. हेही मी पुस्तकात नंतर वाचलं. मिस्त्रींनी पार्टीला सांगितलेलं मात्र तेव्हाच ऐकलं होतं: “मे महिन्यात आवाज बसंल, तवा डबी उन्हात ठिवू नका, पाण्याच्या पिंपाजवळ ठिवा.”

आता आक्षेप येईल की हे नक्कल करणं झालं, शोध नव्हे. पहिलं उत्तर: कुणाची नक्कल? समोर नमुना नव्हता. दुसरं उत्तर अधिक महत्त्वाचं आहे. नक्कल हा आक्षेप लावायचाच तर यादीतली अर्धी नावं खोडावी लागतील. लंडनमध्ये गॅरी हर्स्टने १९६५ साली ‘टोन बेंडर’ केला तो माएस्ट्रोचं सर्किट समोर ठेवून, त्यात बदल करून. वाह-वाह पेडल तर कुणी शोधायलाच निघालं नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या थॉमस ऑर्गन कंपनीत १९६६ साली ब्रॅड प्लंकेट नावाचा इंजिनिअर एका महागड्या स्विचऐवजी स्वस्तातला फिरता कंट्रोल बसवत होता. तो फिरवताना आवाज ‘वॉव’ असा उघडमीट करू लागला, म्हणून तिथेच पडलेल्या ऑर्गनच्या पायपट्टीत बसवला. पैसे वाचवायला केलेली खटपट. मिस्त्रींचीही तीच.

इकोचं घ्या. बारामती-इंदापुरात ज्याने एकदा तरी हरिनाम सप्ताह ऐकला आहे त्याला इको समजावून सांगायची गरज नाही. बुवांनी ‘विठ्ठल’ म्हटलं की तीनदा परत येतो. सुशिक्षित माणसं यावर हसतात, मीही हसलो आहे. आवाज पुढे ढकलायची आधीची युक्ती टेपची होती. मग १९६९ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत दोघा संशोधकांनी अशी साखळी केली की सिग्नलचा थेंब एका बादलीतून दुसरीत ओतला जावा. स्लॅब पडायच्या दिवशी गडी घमेली एका हातातून दुसऱ्या हातात देतात, अगदी तशी. ओळ जितकी लांब तितका माल वर पोचायला उशीर, आणि तो उशीर म्हणजेच इको. पुढे तैवानच्या एका कंपनीने कॅराओकेसाठी पीटी २३९९ नावाची स्वस्त डिजिटल चिप काढली. गावोगावच्या साउंडवाल्यांच्या इको-बोर्डात ती असते. आणि अमेरिकेत हाताने बनवलेली म्हणून भारी किमतीला विकल्या जाणाऱ्या कितीतरी डिले पेडलांतही तीच असते. तिकडे त्याला ‘उबदार, किंचित मळकट पोत’ म्हणतात. इकडे ‘किती तो इको’.

या फरकाचं नाव आपण घेत नाही. मी घेतो. मिरजेत तंतुवाद्य करणारे कारागीर तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतात आणि जवारी काढतात. जवारीही मूळ सुरात झणझणाट मिसळते, वरचे स्वर जागे करते, तार शुद्ध वाजू देत नाही. आवाज मुद्दाम ‘बिघडवण्याची’ ही कला आपण शतकानुशतकं सन्मानाने जपली. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, ते रास्तच झालं. पण जवारीचा झणझणाट नाद आणि बेंजोचा झणझणाट गोंगाट, हे कोण ठरवतं? जवारी बैठकीत बसते, बेंजो ट्रॉलीवर असतो. हलगी मातंगांकडे, सनई-सूर होलारांकडे, अशी गावगाड्याची वाटणी होती. बेंजोपार्ट्याही बहुतकरून त्याच वस्त्यांतल्या पोरांनी उभ्या केल्या. लग्नात त्यांच्याशिवाय नवरदेव घोड्यावरून उतरत नाही आणि जेवायला मात्र त्यांची पंगत शेवटची. त्यांच्या हातात जे ज्ञान आहे त्याला आपण ज्ञान म्हणणार नाही हे उघड आहे. मग ‘आपल्याकडे हे झालंच नाही’ असं लिहायला आपण मोकळे.

मुंबईकडे नजर टाकली तरी गोष्ट फार वेगळी नाही. चरणजित सिंग या सिनेसृष्टीतल्या वादकाने १९८२ मध्ये रोलँडची तेव्हा नवीन असलेली यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. रेकॉर्ड खपली नाही. २०१० मध्ये एका डच माणसाने ती पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा आपल्या पेपरांनी त्यांचं घर शोधलं. रवी जाधव यांच्या २०१६ च्या ‘बँजो’ सिनेमात तर हीच सवय कथानक झाली आहे: वस्तीतला वादक मोठा आहे हे सांगायला न्यूयॉर्कहून मुलगी यावी लागते. सिनेमा फार चांगला नव्हता, पण निदान या बाबतीत तो प्रामाणिक होता.

एक आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. वरातीच्या आवाजाने म्हाताऱ्या माणसांची छाती धडधडते, दहावीची पोरं कान बंद करून अभ्यास करतात. माझ्या आजीच्या शेवटच्या आजारपणात घरासमोरून मिरवणूक गेली होती. मी तेव्हा आवाजाच्या पोतावर निबंध लिहिण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. पण तो प्रश्न किती मोठ्याने वाजवता याचा आहे, काय वाजवता याचा नाही. आणि खरी गंमत अशी, कडू गंमत, की बेंजोला आता डीजेच्या भिंतींनी हुसकावलं आहे. तिथे वाजवायला माणूसच लागत नाही. डबी उन्हात ठेवायची की सावलीत, हा प्रश्न उरत नाही.

तेव्हा रॉकवर लिहिणाऱ्या माझ्या मित्रांना माझं म्हणणं असं आहे की स्नॉडी-प्लंकेटांवर जरूर लिहा, मीही आत्ता लिहिलंच. पण एक रविवार काढून आपल्या तालुक्याच्या स्टँडमागे जा. ट्रान्झिस्टर कुठला, किती व्होल्टवर, कुणाच्या सांगण्यावरून बसवला, एवढं विचारून वहीत उतरवा. ती माणसं सत्तरी ओलांडलेली आहेत आणि त्यांनी सर्किट कागदावर कधी काढलेलं नाही.

मी हे करायला उशिरा गेलो. गेल्या वर्षी इंदापुरात त्या जागी मोबाइल कव्हरचं दुकान होतं. मिस्त्री वारले होते. विचारत विचारत एका बेंजोवाल्या पोराकडे पोचलो, त्याच्याकडे त्यांनी केलेली एक डबी होती. औषधाच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा, दोन जॅक, एक बटण. मी झाकण उघडलं तर आत सर्किट दिसेचना, सगळं करड्या एम-सीलमध्ये बुजवलेलं. “मामांनीच वतलंय,” पोरगं म्हणालं. “दुसऱ्या पार्टीनं बघून करू नाय म्हणून.” अमेरिकेतल्या क्लॉन नावाच्या पेडलचा कर्ता त्याचं सर्किट असंच रेझिन ओतून लपवायचा. ती डबी आज लाखांत विकली जाते.

मी विचारलं, थोडं खरवडून बघू का, फक्त ट्रान्झिस्टरचा नंबर दिसेपर्यंत. त्याने डबी माझ्या हातातून काढून घेतली. रात्री शेळगावला वरात होती.