दुसऱ्या हाताचा प्रश्न

शाळेच्या प्रार्थनेला उभ्या असलेल्या मुलांच्या रांगेत सगळ्यांचे हात जुळतात, एखाद्याचेच जुळत नाहीत. त्याचा उजवा तळहात छातीपाशी येतो. डावी मूठ मात्र अंगठा आत घेऊन घट्ट मिटलेली असते, मनगट वळलेले, कोपर दुमडलेले. वर्गात वही सरकते, कारण ती दाबून धरणारा हात नाही. डब्याचे झाकण तो दातांनी उघडतो, सदऱ्याची बटणे एका हाताने लावतो. घरची मंडळी त्याचे कौतुक करतात आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु एका हाताने सारे जमू लागले की दुसरा हात हळूहळू विस्मरणात जातो. मुलाच्या हिकमतीपणातूनच हे नुकसान होत असते, म्हणून ते लवकर कोणाच्या ध्यानात येत नाही.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजेच मेंदूचा पक्षाघात, हा काही संसर्गाने जडणारा किंवा दिवसागणिक बळावत जाणारा रोग नव्हे. जन्मापूर्वी, जन्माच्या वेळी किंवा त्यानंतरच्या आरंभीच्या काळात, वाढत्या मेंदूला झालेल्या इजेचा तो परिणाम आहे. अपुऱ्या दिवसांचा जन्म, प्राणवायूची कमतरता, नवजात अर्भकाची तीव्र कावीळ ही त्याची काही परिचित कारणे. जगभरात हजार जन्मांमागे साधारण दोन ते तीन बालके या अवस्थेत सापडतात. मूळची इजा वाढत नाही. वाढतो तो न वापरलेल्या स्नायूंचा ताठरपणा आणि सांध्यांचा आखडलेपणा. अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाचे एडवर्ड टॉब यांनी या ‘शिकलेल्या अनुपयोगा’चे शास्त्र मांडले. चांगला हात काही तास बांधून ठेवायचा आणि अधू हाताला काम करण्यास भाग पाडायचे, ही उपचारपद्धती त्यातूनच पुढे आली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अँड्र्यू गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही हातांनी मिळून करावयाच्या खेळांवर भर दिला. वाटा निराळ्या असल्या तरी दोन्हींचे मर्म एकच आहे: मुलाला स्वतःला हवीशी वाटणारी कृती त्याने पुनःपुन्हा, तासन्‌तास करावी.

यंत्रमानवाचा प्रवेश होतो तो या ‘पुनःपुन्हा’पाशी. माणूस थकतो, कंटाळतो. यंत्राला दोन्ही ठाऊक नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये नेव्हिल होगन आणि हर्मानो क्रेब्स यांनी पक्षाघात झालेल्या प्रौढांसाठी असे यंत्र सिद्ध केले. पुढे त्याच घराण्यातील यंत्र बालकांसाठी वापरून पाहण्यात आले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनच्या अभ्यासात पाच ते बारा वर्षे वयाची १२ मुले होती. आठवड्यातून दोनदा, असे आठ आठवडे उपचार चालले आणि प्रत्येक बैठकीत मुलाने अधू हाताने ६४० हालचाली केल्या. कोणत्याही उपचारतज्ज्ञाने, तो कितीही तळमळीचा असो, तासाभरात एका मुलाकडून ६४० वेळा हात पुढे करवून घेणे जवळजवळ अशक्यच. मूल पडद्यावरच्या लक्ष्याकडे हात नेऊ लागते. जिथे त्याचे बळ संपते तिथून यंत्र हात पुढे नेते आणि मुलाची प्रगती होते तसा आपला आधार कमी करते. त्या मुलांच्या हालचालींत सुधारणा दिसली. अर्थात ते यंत्र खांदा आणि कोपर यांपुरते होते. बोटांच्या टोकांना चुंबकाने जोडून एकेक बोट मिटवणारी-उघडणारी यंत्रे ऑस्ट्रियातील ग्रात्सच्या एका कंपनीने पुढे बाजारात आणली.

एवढे वाचून एखाद्या आई-बापाने चमत्काराची आशा धरली तर त्यांना दोष कोण देईल? परंतु आशेला खऱ्या माहितीची जोड हवी. बॉस्टनच्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. ब्रिटनमध्ये ७७० प्रौढ पक्षाघातग्रस्तांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या मोठ्या चाचणीत, नेहमीच्या उपचारांपेक्षा यंत्रामुळे दैनंदिन व्यवहारात हात अधिक उपयोगी पडू लागला असे आढळले नाही. ती माणसे प्रौढ होती, बालके नव्हेत, हे खरे. तरीही त्या निष्कर्षातला इशारा दुर्लक्षिता येण्याजोगा नाही. पडद्यावरचा चेंडू पकडणारा हात घरी जाऊन पाण्याचा पेला धरीलच असे नाही. यंत्र हालचाल घडवते; तिचे कामात रूपांतर व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि घर मिळून करतात. जे विक्रेते हा भेद झाकून ठेवतात, त्यांच्यापासून पालकांनी सावध राहावे. मूलपेशींच्या नावाखाली अशाच मुलांच्या पालकांची लूट या देशात पूर्वीही झालेली आहे.

आपल्याकडेही या क्षेत्रात स्वतंत्र काम होत आहे, ही समाधानाची बाब. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आय.आय.टी. मद्रास यांनी मिळून ‘प्लूटो’ हे हाताच्या व्यायामाचे यंत्र विकसित केले आणि २०२४ साली ते व्यावसायिक स्वरूपात पुढे आले. एकच मोटार, आणि मनगट वाकवणे, पंजा उताणा-पालथा करणे, मूठ उघडणे-मिटणे यांसाठी बदलता येणारे जोड, अशी त्याची साधी रचना आहे. टेबलावर मावणारे आणि घरीही नेता येणारे हे यंत्र परदेशी यंत्रांच्या धनाढ्य थाटापुढे साधेच दिसेल. पण आपल्या देशाला साधेपणाचीच गरज आहे. मात्र प्रौढांचा पंजा डोळ्यांसमोर ठेवून घडवलेली यंत्रे सहा वर्षांच्या मुठीच्या मापाची करावी लागतात, आणि बालरुग्णांची बाजारपेठ लहान म्हणून ते काम नेहमी मागे पडते. संशोधन संस्थांनी आणि उद्योजकांनी इथे नफ्यापलीकडे पाहायला हवे.

आणि यंत्र ठेवायचे कुठे? शून्य ते अठरा वर्षे वयाच्या मुलांमधील व्यंगे व आजार शोधण्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये झाला, तो महाराष्ट्रातीलच पालघर येथून. त्यात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. अशी यंत्रे याच केंद्रांत हवीत. बॉस्टनचा सोळा बैठकांचा क्रम जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या मातेच्या हिशेबात मांडून पाहा. मुलाला कडेवर घेऊन सोळा वेळा जाणे आणि सोळा वेळा येणे, म्हणजे एस.टी.च्या बत्तीस फेऱ्या, सोळा दिवसांची बुडालेली मजुरी आणि घरी ठेवलेल्या धाकट्या लेकराची काळजी. केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी असले तरी हे गणित सुटत नाही; महानगरातील वातानुकूलित दालनात तर ते मांडताही येत नाही.

कायद्याने आपले काम बऱ्याच अंशी केले आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा उल्लेख आहे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांतही ती आहे. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे विमाकवच आहे. ते किती पालकांना ठाऊक असते? दवाखान्यातून घरी पाठवताना ही माहिती कोणी देते काय?

बैठकांच्या मधले दिवस घराचे असतात, आणि घरी नेमाने करून घेतलेल्या सरावाला शास्त्राचाही पाठिंबा आहे. शेंगा सोलणे, कणकेचे गोळे वळणे, ताटात वाटी मांडणे, पतंगाचा मांजा गुंडाळणे, ही सारी दोन हातांची कामे. मात्र हा भार पुन्हा आईच्याच पदरात पडू नये. वडील, आजी-आजोबा, मोठी बहीण यांनी तो वाटून घ्यावा. आणि मुलाचा हात इतरांसारखा ‘दिसला’ पाहिजे, हा हट्टही सोडावा. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली, ती कन्या मालिनी चिब यांच्या अनुभवातून. मालिनी यांनी करंगळीने टंकन करून आपले आत्मचरित्र लिहिले; २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाचे नावही ‘वन लिटल फिंगर’ असेच आहे. एका बोटाने पुस्तक लिहिता येते, पण त्यासाठी ते बोट शोधून त्याला अवसर देणारे घर आणि शाळा लागते.

सेवाकार्यासाठी सढळ हाताने देणारी मंडळी महाराष्ट्रात कमी नाहीत. यंत्र अर्पण करण्यास दाता सहज मिळतो, त्यावर नावाची पाटीही लागते. यंत्र चालवणाऱ्या तज्ज्ञाच्या पाच वर्षांच्या वेतनासाठी दाता शोधताना मात्र कार्यकर्त्यांची दमछाक होते. एखाद्या संस्थेपुढे अशा यंत्राचा प्रस्ताव आलाच, तर अंदाजपत्रकात त्या वेतनाची ओळ यंत्राच्या किमतीच्या वर लिहावी आणि तिच्या शेजारी त्या बत्तीस फेऱ्यांचे भाडे.