ओरडली नाही म्हणून

मागच्या आठवड्यात कुरखेडा तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायकांसोबत बसले होते. कोर्टकचेरीत कानावर पडणारे शब्द सोपे करून सांगायचे, एवढंच काम होतं. रिपोर्ट, बयाण, पेशी, जमानत हे शब्द सगळ्यांच्या तोंडात बसलेले. गाडी अडली ती ‘निर्दोष मुक्तता’ या शब्दावर. भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी म्हणाली, “आरोपी सुटला म्हणजे पोरगीच खोटी ठरली ना, मॅडम?”

परतीच्या वाटेवर वडसा लागतं. सरकारी कागदावर देसाईगंज. त्या गावातून जाताना मला दरवेळी 26 मार्च 1972 ची रात्र आठवते.

तेव्हा गडचिरोली जिल्हा झालेला नव्हता, तो 1982 चा. वडसा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. आईबाप गेलेली, मजुरी करून जगणारी, चौदा ते सोळा वर्षांची एक आदिवासी मुलगी. ती एका मुलाबरोबर गेली म्हणून तिच्या भावानेच ठाण्यात रिपोर्ट दिला होता. बयाणं झाली. रात्री साडेदहाच्या सुमाराला सगळे निघाले, तेव्हा तिला एकटीला आत थांबवलं. भाऊ आणि सोबतची माणसं बाहेर उभी. ठाण्यात अंधार झाला, दार आतून लागलं. बाहेर आल्यावर तिने सांगितलं की एका शिपायाने बलात्कार केला आणि हेड कॉन्स्टेबलने अंगाला हात घातला. तिची डॉक्टरी तपासणी झाली दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता.

कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला तिचं नाव माहीत आहे. खटला तिच्याच नावाने ओळखला जातो. मी ते इथे लिहिणार नाही. कारण पुढे येईलच.

1 जून 1974 रोजी चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोघांनाही सोडलं. खून, बलात्कार असे गंभीर खटले जिल्ह्यात याच कोर्टात चालतात. कोर्टाने तिला खोटारडी ठरवलं. जे झालं ते तिच्या मर्जीने झालं असावं, असं म्हटलं. म्हणजे म्हातारीला वाटलं होतं तेच तिच्या वाट्याला आलं. खरं तर निर्दोष मुक्ततेचा अर्थ एवढाच की संशयाला जागा राहणार नाही इतका पक्का पुरावा सरकारी पक्षाला देता आला नाही. तक्रार करणारीवर तो शिक्का नसतो. हे मी त्या बायकांना तीनदा सांगितलं आणि इथेही सांगते.

अपील नागपूर खंडपीठात गेलं. अपील म्हणजे वरच्या कोर्टाने खालच्या कोर्टाचा निकाल पुन्हा तपासणं. 12 ऑक्टोबर 1976 रोजी उच्च न्यायालयाने निकाल फिरवला, शिपायाला पाच वर्षं आणि हेड कॉन्स्टेबलला एक वर्ष शिक्षा दिली. त्या निकालातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कोर्टाने म्हटलं की भीतीपोटी गप्प राहून शरण जाणं वेगळं आणि संमती देणं वेगळं. रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, समोर वर्दीतली अनोळखी माणसं. अशा जागी ती पोरगी काय करणार होती?

15 सप्टेंबर 1978 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात दोघांनाही पुन्हा सोडून दिलं. कारणं अशी: तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, आणि ती ओरडली नाही. झटापटीची खूण नाही, तेव्हा तिची संमतीच होती.

आमच्याकडे साहेबासमोर मान खाली घालून उभं राहणं पोरीबाळींना लहानपणापासून शिकवलं जातं. फॉरेस्टचा गार्ड काठी आपटून विचारतो तेव्हा मोठी माणसंही गप्प होतात. तो गप्पपणा होकार आहे असं गावातलं कुणीही म्हणणार नाही. दिल्लीत मात्र तसं वाचलं गेलं.

वर्षभराने, सप्टेंबर 1979 मध्ये, उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी देशाच्या सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. संमती आणि शरणागती यांतला फरक कोर्टाला दिसला नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. 8 मार्च 1980 रोजी मुंबई, दिल्ली, नागपूरसह अनेक शहरांत बायका रस्त्यावर आल्या. 1983 मध्ये कायदा बदलला. पोलिसाच्या ताब्यातल्या बलात्काराला जास्त कडक शिक्षा आली. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने कोर्टात ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर कोर्टाने तेच खरं धरून चालायचं, असं ठरलं. खटला बंद दाराआड चालवायचा आणि पीडितेचं नाव छापायचं नाही, हेही तेव्हाच आलं. ज्या मुलीमुळे नाव झाकायचा कायदा झाला, तिचंच नाव सगळीकडे उघडं राहिलं. म्हणून ते मी लिहीत नाही.

2013 मध्ये आणखी एक वाक्य कायद्यात आलं: बाईने अंगबळाने विरोध केला नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असं म्हणता येणार नाही. वडशाच्या त्या रात्रीचं हे उत्तर आहे, एक्केचाळीस वर्षांनी आलेलं. नवा फौजदारी कायदा मागे जाऊन लागू होत नसतो, त्यामुळे तिच्या पदरात यातलं काहीच पडलं नाही.

आता तुमच्या कामाचं. जुलै 2024 पासून नवे कायदे लागू आहेत, त्यांतही हे हक्क आहेत. साक्षीदार म्हणून बयाण घ्यायला बाईला ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी तिच्या घरी यायचं. बलात्काराची खबर आणि बयाण महिला अधिकाऱ्यानेच लिहायचं. डॉक्टरी तपासणी खबर मिळाल्यापासून चोवीस तासांच्या आत करायची. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, रिपोर्ट कुठल्याही ठाण्यात देता येतो आणि त्याची प्रत फुकट मिळते. लिहिलेलं वाचून दाखवल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नका. जे सांगितलं तेच लिहिलंय का, हे विचारायला लाजू नका. मराठी नीट येत नसेल, गोंडी किंवा माडिया बोलत असाल, तर कोर्टात दुभाषा मागा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून मागे हटू नका. कुठलीही बाई, कुठलाही आदिवासी किंवा दलित माणूस, कोठडीतला कुणीही, कमाई कितीही असली तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून सरकारी खर्चाने वकील मागू शकतो. तालुक्याच्या कोर्टातही त्यांची समिती असते. त्यांचा फोन नंबर 15100 आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हातपंपाजवळ, बायकांना दिसेल असा, तो मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.