साखळदंड हा उपचार नव्हे

व्यसनमुक्तीच्या नावाने चालणाऱ्या काही खाजगी केंद्रांत माणसांना कोंडून ठेवणे, मारहाण करणे, उपाशी ठेवणे, प्रसंगी साखळीने बांधणे, असे प्रकार देशाच्या निरनिराळ्या भागांतून वारंवार उजेडात येत असतात. चार दिवस हळहळ होते आणि पुन्हा सारे शांत होते. या शांततेचे कारण उघड आहे. बांधला गेलेला मनुष्य दारुडा किंवा गर्दुल्ला असतो. त्याच्या वाट्याला आले ते त्याच्याच कर्माचे फळ, अशी समाजाची समजूत असते. कर्मफळाच्या याच युक्तिवादाखाली ज्यांनी पिढ्यानपिढ्या अन्याय सोसला, त्यांनी तरी ही समजूत स्वीकारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याने दारू व मादक द्रव्यांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येतच केला आहे. अशा रुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास या अधिनियमाच्या कलम ९५ ने बंदी केली आहे. भेटीस येणाऱ्यांना भेटण्याचा, दूरध्वनी करण्याचा व कायदेविषयक साहाय्य मिळविण्याचा हक्कही त्यास दिला आहे. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ हा तर कठोर कायदा म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु व्यसनी मनुष्य अल्प प्रमाणातील द्रव्यासह सापडला आणि स्वेच्छेने उपचार घेण्यास तयार झाला, तर त्यास खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४-अ त्यातही आहे. तेव्हा व्यसनी हा रुग्ण आहे ही गोष्ट या देशाच्या कायद्याने मान्य केलेली आहे. ती मान्य व्हावयाची राहिली आहे ती समाजाकडून.

शास्त्राचा निर्णय याहून वेगळा नाही. दीर्घकाळ पिणाऱ्याची दारू औषधाविना एकाएकी तोडली तर त्यास झटके येतात, भ्रम होतो, आणि प्रसंगी तो दगावतो. हेरॉईनच्या, म्हणजे आपल्या शहरांत ज्यास गर्द म्हणतात त्याच्या, व्यसनात धोका निराळा आहे. कोंडून ठेवलेल्या मनुष्याच्या शरीराची सहनशक्ती उतरते; सुटल्यावर तो पूर्वीच्याच मात्रेत ते द्रव्य घेतो आणि ती मात्रा त्याचा प्राण घेते. म्हणूनच सक्तीच्या कोंडवाड्यापेक्षा मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन या औषधांचा मार्ग जगभर अधिक विश्वसनीय ठरला. न्यूयॉर्क येथे व्हिन्सेंट डोल व मेरी निस्वांडर यांनी १९६५ साली मेथाडोनचा पहिला वृत्तांत प्रसिद्ध केला. २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. ती नियमितपणे घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण घटते, सुईचा वापर कमी होतो आणि मनुष्य पुन्हा कामावर जाऊ शकतो.

सुईचा प्रश्न किती गंभीर आहे हे मणिपूरने दाखविले. १९८९-९० च्या सुमारास तेथे सुईने हेरॉईन घेणाऱ्यांत एड्सचा विषाणू शिरला आणि अल्पावधीत तपासलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक बाधित आढळले. त्यानंतर निर्जंतुक सुया पुरविण्याचे आणि ब्युप्रेनॉर्फिन देण्याचे कार्य देशात सुरू झाले.

यावर असा आक्षेप घेण्यात येतो की, सुई देणे म्हणजे व्यसनास उत्तेजन देणे होय. हा आक्षेप वस्तुस्थितीस धरून नाही. व्यसन सुई मिळण्यापूर्वीच जडलेले असते. स्वच्छ सुईने टळतो तो फक्त विषाणू. मेलेल्या मनुष्यास व्यसनमुक्त करता येत नाही. पंचशीलातील पाचव्या शीलाचा दाखला देणाऱ्यांनाही आमचे एवढेच सांगणे आहे की, शील हा मनुष्याने स्वतः समजून स्वतःवर घातलेला निर्बंध आहे. तो दुसऱ्याच्या पाठीवर मारण्याचा आसूड नव्हे.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाकरिता दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीला कोणता ना कोणता उपचार मिळाला होता, असे तीत आढळले. श्रीमंताचा मुलगा रुग्णालयात जातो. गरिबाचा मुलगा तुरुंगात, नाहीतर कोंडवाड्यात जातो. संविधानाच्या अनुच्छेद ४७ मधील दारूबंदीचा उल्लेख पुष्कळांना पाठ असतो. त्याच अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरविले आहे, याचा मात्र विसर पडतो.

सरकारने प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हे उपचार मोफत उपलब्ध करावेत आणि सर्व खाजगी केंद्रांची कसून तपासणी करावी, अशी आमची मागणी आहे. परंतु सरकारची वाट पाहत बसणे पुरेसे नाही. आपल्या माणसास एखाद्या केंद्रात ठेवण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने चार प्रश्न विचारावेत: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे केंद्राची नोंदणी आहे काय? डॉक्टर नियमित येतात काय? आम्हांस भेटू दिले जाईल काय? रुग्णाची स्वतःची संमती घेतली काय? या प्रश्नांना जेथे उत्तर मिळत नाही, तेथून त्यास त्याच पावली घरी परत आणावे.