घरातील मौन आणि नसबंदी

कर्जतसारख्या दुष्काळी तालुक्यात कुटुंबनियोजनाच्या शिबिराला कार्यकर्त्यांनी एकदा अवश्य जावे. खाटेवर बाई, उशाशी तिची आई किंवा सासू आणि नवरा बाहेर झाडाखाली, हेच चित्र दिसेल. शस्त्रक्रिया दोघांपैकी कोणाची करावयाची, हा प्रश्न त्या घरात बहुधा उपस्थितच झालेला नसतो.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील विवाहित जोडप्यांपैकी 37.9 टक्के जोडप्यांत स्त्रीची नसबंदी झाली होती. पुरुषाची केवळ 0.3 टक्के जोडप्यांत. वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी. स्थानिक भूल पुरते, पोटाला छेद द्यावा लागत नाही आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. शुक्रजंतूंची वाट तेवढी बंद होते. पुरुषत्वाला वा कष्टाच्या ताकदीला बाध येत नाही. सुमारे तीन महिने दुसरे साधन वापरून वीर्यतपासणी करून घेतली म्हणजे झाले. तरीही उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या बाईनेच पोटावर टाके घ्यावेत, ही कोणती श्रमविभागणी?

या भीतीचे एक मूळ आपल्या राजकीय इतिहासात आहे. आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात, देशात 80 लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. त्यांत सुमारे 62 लाख पुरुष होते. महाराष्ट्र विधिमंडळाने तर 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. त्या सक्तीला समाजवाद्यांनी केलेला विरोध योग्यच होता. परंतु सक्ती गेल्यावर सरकारने पुरुषाला समजावण्याऐवजी सगळा भार मुकाट्याने स्त्रीकडे वळवला आणि आपणही तो वळू दिला, हे कबूल केले पाहिजे.

मौनाची किंमत शस्त्रक्रियेपुरती नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या अवघ्या 8 टक्के होत्या. अंगावरून पांढरे जाते, हे बाई नवऱ्याला सांगत नाही. आपल्याला झालेला संसर्ग नवरा बायकोला सांगत नाही. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगावर एकानेच औषध घेतले, तर दुसऱ्याकडून तो पुन्हा येतो. तेव्हा हे बोलणे लाजेचा नव्हे, उपचाराचाच भाग आहे.

महाराष्ट्राला ही वाट अपरिचित नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि 1925 मध्ये त्यापायी प्राध्यापकी गमावली. त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावरील 1934 च्या अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. पत्नी मालतीबाई या कार्यात त्यांच्या सोबत होत्या, हे विशेष.

समतेची भाषा सभेत बोलणे सोपे आहे. कार्यकर्त्याने ती आधी स्वतःच्या घरात बोलावी. बायकोला काय दुखते, काय नको आहे, हे विचारावे. शस्त्रक्रियेची वेळ आली तर प्रथम स्वतःचा विचार करावा. मगच गावातील पुरुषांना चार गोष्टी सांगण्याचा अधिकार त्याला प्राप्त होईल.